नळीतलं दूध मध्येच का थांबवतात?

वर एका ताईंनी विचारलंय की भाचा आयसीयूत असताना नाकातल्या नळीतून दूध सारखं बंद का करायचे, हा हलगर्जीपणा नाही का? लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे म्हणून लिहिते. हलगर्जीपणाच असतो असं नाही, पण 'उपाशी ठेवा' हे आमच्याकडे जरा स्वस्तच झालंय.

समजा आठ किलोचं बाळ, ताशी २० मिली दूध चालू. सकाळी ८ ला सीटी स्कॅन, म्हणून रात्री २ ला बंद. नंबर लागतो दुपारी २ ला. गेले ना २४० मिली! परत येईस्तोवर नळी सरकलेली. नवी घाला, ती जागेवर आहे का बघायला एक्स-रे काढा, तो बघायला डॉक्टर मोकळे होईपर्यंत संध्याकाळ.

दुसरी खोड म्हणजे दर चार तासांनी पचतंय का बघायला सिरिंजने पोटातलं दूध ओढून मोजायचं आणि जरा जास्त आलं की फीड बंद. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशी सांगतात की हे सरसकट मोजू नका. बीपी टिकवून धरणाऱ्या औषधांवर मूल स्थिर असेल तरी दूध लवकर सुरू करा, असंही त्यात आहे. पण हाताला लागलेली सवय जात नाही, माझीही गेली नव्हती.

शॉक (म्हणजे शरीराला पुरेसं रक्त न पोचणं) आटोक्यात नसेल, पोट फुगलं असेल, आतड्याला अडथळा असेल, तर मात्र थांबवावंच लागतं. तिथे वाद घालू नका. स्कॅन पुढे ढकलला तर बिनधास्त विचारा, "सिस्टर, मग तोवर दूध सुरू करायचं का?" आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.