नळ हुबळीत, रान खानापुरात. मग रान राखणाऱ्याला काय?

कणकुंबीचा_पाऊस
मंडळी, एक सरळ विचारतो. मलप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यात आमच्या कणकुंबीत उगम पावते, खानापुरातनं वाहत सौंदत्तीकडं नविलुतीर्थ धरणात जाते आणि तेच पाणी हुबळी-धारवाडचे लोक पितात. पाऊस मातीत मुरवून हळूहळू सोडणारं रान इकडं, आणि त्या रानाचा त्रासही इकडंच. गेल्या साली भात पोटरीला आलं आणि रात्री गवे शिरले, टॉर्च मारली तर नुसते डोळे चमकले, हलले म्हणून नाहीत, निवांत चरत राहिले, सकाळी बघतोय तर पाच गुंठे लोळवलेले. भरपाईला अर्ज, फोटो, उतारा, तीन हेलपाटे, आणि हातात आलं ते बियाण्याला पुरेना. न्यूयॉर्क शहरानं 1997 ला कॅट्सकिल डोंगरातल्या गावांबरोबर करार केला, वरचं रान आणि शेती सांभाळायला पैसे दिले आणि अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्लांट बांधायचा वाचवला. आपल्या शहरांच्या पाणीपट्टीतनं थोडा वाटा वरच्या गावांना का नको?

टिळकवाडी_कट्टा
पाणीपट्टी भरतोच की गा, आणि तरी आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. आणि मलप्रभेचं जास्त पाणी कालव्यानं शेतीला जातंय, मग ऊसवाल्यांनाही बिल लावणार का फक्त नळवाल्यांनाच धरणार?

कणकुंबीचा_पाऊस
लावा की, मी कुठं नको म्हणतोय. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवाद 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देऊन मोकळा झाला, थेंबाथेंबाचे आकडे हायत, खरं रानाचा वाटा कुणी मागितलाय दाखवा.

रानवाट
मला हे पटत नाही, आणि मी रानाच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. रानाला एकदा भाव लावला की ते विकायला मोकळं होतं. जंगलाची जमीन प्रकल्पाला द्यायची तर तिची किंमत भरून घ्यायची पद्धत आपल्याकडं आहेच, 2008 ला दर हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख होता, 2022 ला तो 9.57 ते 15.95 लाख झाला. म्हणजे पैसे भरा आणि तोडा. रस्त्याच्या कंत्राटात तो एक खर्चाचा कॉलम, बाकी काय. आणि खानापुरातल्या भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहेत जे दुर्मिळ वटवाघूळ आहे ते नळाला पाणी देत नाही, त्याला कुठल्या पाणीपट्टीत बसवणार? ज्याचा फायदा मोजता येत नाही ते ह्या हिशेबात पहिलं मरतंय.

कणकुंबीचा_पाऊस
वटवाघूळ किडे खातंय, त्याचाही फायदा हायच. आणि मी रान विकायचं म्हणत नाही, राखायची मजुरी मागतोय. दोन्हीत फरक हाय का नाही?

रानवाट
फरक तुम्हाला दिसतोय. टेंडर काढणाऱ्याला दिसेल याची खात्री नाही.

यळ्ळूर_शिवार
रान म्हटलं की सगळ्यांना खानापूरच दिसतंय. यळ्ळूर, शहापूर, वडगावचं बासमतीचं शिवार दर पावसाळ्यात बेळगाव शहराचं पाणी अंगावर घेतंय, 2019 च्या ऑगस्टात काय झालं ते आठवा. बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी, काठची पाणथळ जागा भरून प्लॉट पाडलेत, मग पाणी जाणार कुठं? आमच्या भातात. आठवडाभर पाण्याखाली राहिलं की रोप कुजतंय, दुबार लावणी करायला तरू, म्हणजे भाताची रोपं, कुठनं आणायची? मला कुणाचा वाटा नको, नाला काढा तेवढा.

भीमगड_आतला
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर आमचंही ऐका. 2011 ला अभयारण्य झालं तेव्हापासनं आम्ही आतच. पेशंट खांद्यावरनं आणायचा, लाईटीची बोंब, आणि काही कुटुंबं पॅकेज घेऊन बाहेर पडली ती वेगळीच गोष्ट. आता हे पैसे आले तर घेणार कोण? ज्याच्या नावावर उतारा त्याला. गवळी धनगरांच्या कितीजणांच्या नावावर जमीन हाय? रानात रोज पाय त्यांचे, आणि चेक जाणार खानापूर पेठेत बसलेल्या मालकाला.

कणकुंबीचा_पाऊस
हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग रोख नकोच. ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं, रानात जाणाऱ्यांना वणवा रोखायची, पायवाटा साफ करायची मजुरी द्यायची, आणि शिवाराला सोलर कुंपण.

टिळकवाडी_कट्टा
कुंपण घाला, गवे पुढच्या गावात जातील. त्यांचा धागा पुढच्या वर्षी.