एनएफएस माउंट होतंय, वाचताही येतंय, पण लिहायला गेलं की 'परमिशन डिनाइड'

काळी_खिडकी (प्रश्न)

सर्व्हरवरचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं फोल्डर वापरायची सोय) क्लायंटला दिलंय. सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही लिनक्स. सर्व्हरच्या /ईटीसी/एक्सपोर्ट्स मध्ये एकच ओळ आहे:

/एसआरव्ही/प्रकल्प १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

क्लायंटवर /एमएनटी/प्रकल्प इथे आवृत्ती ४.२ ने बिनतक्रार माउंट होतं. सर्व्हरवर फोल्डरचा मालक 'अहवाल', ग्रुप 'प्रकल्प', मोड २७७५ (मालक आणि ग्रुपला लिहिता येतं, इतरांना नाही). क्लायंटवरही याच नावाचा यूजर आहे आणि तो याच नावाच्या ग्रुपमध्ये आहे.

तरी त्याने टच केलं (रिकामी फाइल बनवली) की परमिशन डिनाइड. रूटने केलं तरी तेच, आणि रूटने चाउन केलं (मालक बदलायला गेला) तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. क्लायंटवर एलएस -एल मध्ये मालकाच्या जागी १००३ आणि ग्रुपच्या जागी १०१० असे नुसते आकडे दिसतात. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) केल्यावर लिहिता आलं, पण नवी फाइल सर्व्हरवर 'चाचणी' या भलत्याच यूजरच्या नावावर पडली. सेवा दोन्हीकडे रीस्टार्ट करून झाल्या. नो_रूट_स्क्वॉश (क्लायंटच्या रूटला सर्व्हरवरही रूट मानणारा पर्याय) टाकू का?

आयनोड

नको. उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: १००३ हा आकडा आणि 'चाचणी' हे नाव.

माउंट करताना वेगळं काही सांगितलं नसेल तर सेक=सिस लागू असतं. त्यात क्लायंटचा कर्नल प्रत्येक विनंतीबरोबर यूआयडी (यूजरचा) आणि जीआयडी (ग्रुपचा) हे आकडे पाठवतो आणि सर्व्हर त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. नाव तपासलंच जात नाही. नाव म्हणजे त्या त्या मशीनने आपल्या /ईटीसी/पासडब्ल्यूडी मधून आकड्याला लावलेली पाटी. दोन्ही मशीनवर हे चालवा:

आयडी अहवाल
गेटएंट पासडब्ल्यूडी १००३
गेटएंट ग्रुप १०१०

सर्व्हरवर 'अहवाल' १००३ असणार, क्लायंटवर दुसरा काहीतरी, समजा १००१. आणि सर्व्हरवर तो १००१ म्हणजे 'चाचणी'. म्हणून ७७७ केल्यावर फाइल त्याच्या नावावर गेली. ग्रुपचंही तसंच: क्लायंटवरच्या 'प्रकल्प'चा आकडा १०१० असता तर एलएसने आकड्याऐवजी नाव दाखवलं असतं.

आवृत्ती ४ मध्ये मालकाचं नाव तारेवरून जाऊ शकतं, म्हणून बरेच जण नाव-आकडा जुळवणाऱ्या आयडीमॅपडी.कॉन्फ मधलं डोमेन बदलत बसतात. त्याने एलएसमध्ये काय दिसतं ते बदलेल; सेक=सिस असताना लिहिण्याची परवानगी मात्र आकड्यावरच ठरते.

दुरुस्ती क्लायंटवर करा. १००३ आणि १०१० तिथे मोकळे आहेत याची वरच्या गेटएंटने खात्री झाली, 'अहवाल'च्या सगळ्या प्रोसेस बंद केल्या आणि शेअर अनमाउंट केला, की:

ग्रुपमॉड -जी १०१० प्रकल्प
यूजरमॉड -यू १००३ अहवाल
फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी १००१ -एक्झेक चाउन -एच १००३ {} +

तिसरी ओळ विसरू नका. यूजरमॉड फक्त होम फोल्डरमधल्या फाइल्सचा मालक बदलतो; /व्हीएआर किंवा /ओपीटी मधल्या फाइल्स जुन्या १००१ वर लोंबकळत राहतात, आणि उद्या तो आकडा कुणाला मिळाला की आयत्या त्याच्या होतात. ग्रुपमॉड तर फाइल्सना हातच लावत नाही, तेव्हा जुन्या जीआयडीसाठी -जीआयडी आणि सीएचजीआरपी घेऊन असाच एक फेरा मारा. -एक्सडेव्ह एकाच फाइलसिस्टममध्ये राहतो, म्हणजे /होम किंवा /व्हीएआर वेगळं पार्टिशन असेल तर तिथे पुन्हा चालवावं लागेल. चाउनमुळे एक्झिक्युटेबल फाइलवरचे सेटयूआयडी-सेटजीआयडी बिट (चालवणाऱ्याला फाइलच्या मालकाचे किंवा ग्रुपचे अधिकार देणारे) उडतात, हेही ध्यानात असू द्या.

मग पुन्हा लॉगिन करा आणि सेवा असेल तर ती रीस्टार्ट करा. प्रोसेसला ग्रुप सुरू होतानाच मिळतात, चालू प्रोसेसला नव्या ग्रुपचा पत्ता नसतो.

रूटचं म्हणाल तर रूट_स्क्वॉश मुळातच चालू असतं. क्लायंटचा यूआयडी ० सर्व्हरवर ६५५३४ म्हणजे 'नोबडी' होतो, आणि २७७५ मध्ये 'इतरां'ना लिहिता येत नाही. चाउन अडतं तेही यामुळेच. नो_रूट_स्क्वॉश दिलं तर क्लायंटवरचा कुठलाही रूट तुमच्या सर्व्हरच्या डिस्कवर रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइल ठेवून जाऊ शकतो. मालकी बदलायचीय ना? सर्व्हरवर जाऊन बदला. आणि ते ७७७ आजच काढा.

पोर्ट_२०४९

वरचं बरोबर आहे. फक्त पुढच्या वेळी आधी संदेश नीट वाचा, अर्धं काम तिथेच होतं. माउंट करतानाच 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं तर एक्सपोर्टची ओळ, क्लायंटचा आयपी किंवा पोर्ट बघायचा. क्लायंट नॅटच्या (आयपी-पोर्ट बदलून पुढे पाठवणाऱ्या राउटरच्या) मागे असेल तर विनंती १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येऊ शकते आणि 'सिक्युअर' हा मूळचा पर्याय ती नाकारतो. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' म्हणजे एक्सपोर्टमध्ये किंवा माउंटमध्ये आरओ (फक्त वाचन) आहे. माउंट झाल्यावर येणारं 'परमिशन डिनाइड' बहुतेक वेळा मोड आणि आकड्यांचं भांडण असतं.

एक्सपोर्ट्समधली रिकामी जागाही तपासा. तुमची ओळ ठीक आहे, पण /२४ आणि कंस यांच्यात एक स्पेस पडली तर अर्थ पार उलटतो: तुमच्या नेटवर्कला मूळचे पर्याय, म्हणजे फक्त वाचन, आणि कंसातलं आरडब्ल्यू अख्ख्या जगाला! त्यामुळे फाइल बदलली की एक्सपोर्टएफएस -आरए, आणि लगेच एक्सपोर्टएफएस -व्ही. आपण काय लिहिलंय त्यापेक्षा सर्व्हरला काय समजलंय ते तिथे दिसतं. एकाच फोल्डरसाठी सबनेटची आणि एकट्या आयपीची अशा दोन ओळी असतील तर आयपीची ओळ जिंकते. जुनी आरओ ओळ अशी लपून बसते.

उंबरठा

एवढे आकडे जुळवण्यापेक्षा एका ओळीत भागतं: ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=१००३,अनॉनजीआयडी=१०१०. क्लायंटवर कुणीही असो, सर्व्हरवर तो 'अहवाल'.

आयनोड

स्कॅनरने टाकलेल्या फाइल्स किंवा एकाच कामाचं फोल्डर असेल तर चालेल. चार माणसं काम करत असतील तर मात्र प्रत्येक फाइलचा मालक एकच दिसणार, कुणी काय लिहिलं ते कळायची सोय नाही आणि कुणीही कुणाची फाइल पुसणार. शिवाय त्या सबनेटमध्ये लॅपटॉप लावणारा पाहुणाही 'अहवाल' होतो.

काळी_खिडकी

आकडे जुळवले, 'अहवाल' लिहायला लागला. क्लायंटवर खरंच १००१ होता. ७७७ काढून २७७५ केलं. पण 'तपासनीस' म्हणून दुसरा यूजर आहे, यूआयडी दोन्हीकडे १०२०. आयडी कमांडमध्ये 'प्रकल्प' दोन्हीकडे दिसतो. सर्व्हरवर बसून लिहिता येतं, माउंटवरून नाही.

आयनोड

आयडी तपासनीस मध्ये एकूण किती ग्रुप येतात ते मोजा.

काळी_खिडकी

१९. 'प्रकल्प' शेवटून दुसरा.

आयनोड

मग तेच. सेक=सिसच्या विनंतीत मुख्य ग्रुपशिवाय फक्त १६ ग्रुपना जागा असते. ती मर्यादा मूळ आरपीसीच्या (एनएफएस ज्यावरून विनंत्या पाठवतं त्या पद्धतीच्या) रचनेतच आहे, माउंटच्या पर्यायाने ती हलत नाही. उरलेले ग्रुप मुकाट गळतात, लॉगमध्ये ओळसुद्धा पडत नाही.

सर्व्हरवर /ईटीसी/एनएफएस.कॉन्फ उघडा, [माउंटडी] या विभागात मॅनेज-जीआयडीज=वाय लिहा आणि एनएफएस सर्व्हरची सेवा रीस्टार्ट करा. आता सर्व्हर क्लायंटने पाठवलेली यादी बाजूला ठेवून त्या यूआयडीचे ग्रुप स्वतःच्या नोंदीतून काढेल. म्हणजे यापुढे क्लायंटवर कुणाला ग्रुपमध्ये घालून उपयोग नाही, सर्व्हरवर घालावं लागेल; आणि ज्याचा आकडा सर्व्हरवर नाहीच, त्याला पूरक ग्रुप मिळणार नाहीत. ही यादी कॅशमध्ये ३० मिनिटांपर्यंत राहते, त्यामुळे बदल केला आणि लगेच फरक दिसला नाही तर सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

पोर्ट_२०४९

एक पुरवणी. या माउंटवर अपाची (वेब सर्व्हर) लिहिणार असेल आणि क्लायंटवर एसईलिनक्स (मोडच्या वरचा वेगळा सुरक्षा-थर) 'एनफोर्सिंग' म्हणजे नियम लागू करत असेल, तर आकडे आणि मोड बरोबर असूनही परमिशन डिनाइडच येईल. त्यासाठी क्लायंटवर:

सेटसीबूल -पी एचटीटीपीडी_यूज_एनएफएस १

काळी_खिडकी

मॅनेज-जीआयडीज लावलं, 'तपासनीस'ची फाइल पडली. मालक १०२०, ग्रुप १०१०. अपाची नाहीये.