मुलांना बचतीची सवय: गल्ला, खाते की हातखर्च?

प्रश्न (ठाणे)

माझी मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे. यंदा दिवाळीत मामा-काकांनी दिलेले खाऊचे पैसे मोबाइलवरून थेट माझ्या खात्यात जमा झाले. दोन दिवसांनी मुलीने विचारले, "माझे पैसे आता कुठे आहेत?" मी तिला खात्यातली शिल्लक दाखवली, पण त्या एकाच आकड्यात माझा पगार, घराच्या हप्त्याची रक्कम आणि तिचे पाचशे रुपये असे सगळेच मिसळलेले असल्यामुळे तिचे समाधान झाले नाही. मुलाकडे मातीचा गल्ला आहे, परंतु "पैसे साठव" म्हटले की तो "कशासाठी?" असे विचारतो आणि "पुढे उपयोगी पडतील" याखेरीज मला काही सुचत नाही. या वयात बचतीचे महत्त्व नेमके कसे पटवावे?

उत्तर १ (संगमनेर, निवृत्त टपाल कर्मचारी)

मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या स्वतःच्या नावाचे पासबुक हे आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल खात्यात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते स्वतःच्या सहीने चालवता येते; त्यासाठी सुरुवातीला ५०० रुपये भरावे लागतात, म्हणजे तिच्या ओवाळणीत काम भागते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये अशी मुभा दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याबाबतचे नियम नव्याने एकत्र करून दिले. मात्र व्यवहाराची मर्यादा प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते. धाकट्याचे खाते तूर्त पालक म्हणून तुम्हालाच चालवावे लागेल.

आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते. २०२४-२५ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के होता. त्या दराने पाच वर्षांत भरलेल्या ६,००० रुपयांचे ७,१०० हून थोडे अधिक होतात. हा वरचा आकडा मुलीला स्वतः वहीत मांडायला लावा. आमच्या वेळी शाळेत 'संचयिका' असे, वर्गातली मुलेच रक्कम नोंदवून घेत आणि पन्नास पैसे भरणाऱ्याचे नावही तितक्याच ठळकपणे लिहिले जाई. (पन्नास पैशांत तेव्हा काय काय येत असे, हा वेगळा विषय आहे.)

उत्तर २ (पुणे)

खाते जरूर उघडा, परंतु त्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी. मुलांसमोर गोड पदार्थ ठेवून "थांबलास तर दोन मिळतील" असे सांगण्याचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो, आणि थांबणे हा ज्या त्या मुलाचा उपजत गुण असल्यासारखे आपण त्यावर बोलतो. रोचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तोच प्रयोग थोडा बदलून प्रसिद्ध केला. आधी चित्रकलेचे चांगले साहित्य देण्याचे वचन देऊन काही मुलांच्या बाबतीत त्यांनी ते पाळले आणि काहींच्या बाबतीत मुद्दाम मोडले. वचन पाळलेले पाहिलेली मुले नंतर सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, तर फसवली गेलेली अवघी ३ मिनिटे. प्रयोगात मुले २८ च होती, त्यामुळे त्यावर फार मोठे निष्कर्ष उभारू नयेत. तरी दिलेला शब्द पाळला जात नसेल तर थांबण्यात शहाणपण नाही, हे त्या मुलांनी बरोबर ओळखले होते.

आपल्या घरातही हेच घडते. दारात दूधवाला उभा असतो, सुटे नसतात, आणि आपण "नंतर टाकते" म्हणत मुलाच्या गल्ल्यातून नोट काढतो. माझ्या हातून हे अनेकदा घडले आहे. अशा घरात मुलाने "कशासाठी?" असे विचारले, तर मला त्याचेच म्हणणे योग्य वाटते. घ्यायचेच असतील तर त्याला विचारून घ्यावेत, चिठ्ठी लिहून गल्ल्याशेजारी ठेवावी आणि ठरल्या दिवशी परत करावेत.

उत्तर ३ (कोल्हापूर)

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या चिरंजीवांना साठवण्याची इतकी गोडी लागली, की मित्राच्या वाढदिवसाला भेट न्यायलाही ते तयार होईनात. आता दर रविवारी त्याला तीस रुपये देतो आणि त्यांचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवायचे, असा नियम आहे. पहिल्याच महिन्यात त्याने जत्रेत घेतलेली बंदूक संध्याकाळपर्यंत मोडली; आम्ही दुसरी घेऊन दिली नाही आणि उपदेशही केला नाही. सात वर्षांच्या मुलाला "पुढे" म्हणजे फार तर पुढचा महिना कळतो, म्हणून तीन-चार आठवड्यांत हाती येईल अशीच वस्तू त्याला निवडू द्या.

मूळ प्रश्नकर्ती (ठाणे)

सर्वांचे आभार. उत्तर २ वाचून मी मुलाला सहज विचारले, की आईने तुझ्या गल्ल्यातून कधी पैसे घेतले आहेत का. त्याने क्षणाचाही विचार न करता "दुधाचे साठ आणि रिक्षाचे चाळीस" असे सांगितले. रिक्षाचे मी साफ विसरले होते. शंभर रुपये त्याच्यासमोर गल्ल्यात टाकले. आता तो बॅडमिंटनच्या रॅकेटसाठी साठवणार आहे. मुलगी सोमवारी टपाल कार्यालयात येणार असून वहीच्या मागच्या पानावर सहीचा सराव चालू आहे. सही मराठीत केली तर चालते का, असे तिने विचारले आहे.

उत्तर १ (संगमनेर)

अवश्य चालते. मात्र पुढे पैसे काढताना दर वेळी तशीच करावी लागेल, तेव्हा फार वेलबुट्टी नको म्हणावे.