इलेक्ट्रॉन वाढले, पण वाट खडबडीत झाली

‘ग्राफीनवर (कार्बनच्या अणूंच्या एकपदरी, षटकोनी जाळीवर) धातूचे अणू बसवले की इलेक्ट्रॉन वाढणार, म्हणजे वीज आणखी सहज वाहणार’ हे विधान अर्धंच बरोबर आहे.

पोटॅशियमचंच घ्या. हा अणू कार्बनच्या षटकोनाच्या मधोमध बसतो आणि आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन बहुतांशी ग्राफीनला देऊन टाकतो. वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे वाहक, वाढले, खरंय. पण मागे उरतो तो धनभारित आयन, पृष्ठभागाला अगदी चिकटून! जाणारे-येणारे इलेक्ट्रॉन त्याच्यामुळे विखुरतात. २००८ साली मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने निर्वातात, अतिथंड ग्राफीनवर थोडा थोडा पोटॅशियम सोडत हे मोजलं. प्रत्येक मात्रेनंतर किमान वहनाचा बिंदू, म्हणजे ज्या गेट व्होल्टेजला (वाहकांची संख्या कमी-जास्त करणाऱ्या बाहेरच्या व्होल्टेजला) वीज सर्वांत कमी वाहते तो, ऋण बाजूकडे सरकत गेला (इलेक्ट्रॉन आल्याची खूण), आणि वाहकांची गतिशीलता, म्हणजे ते किती सहज धावतात ते, मात्र घसरत गेली. दान मिळालं, पण दाता वाटेतच ठाण मांडून बसला.

अतिथंड कशासाठी? खोलीच्या तापमानाला धातूचे अणू पृष्ठभागावर सरकत सरकत गोळा होतात. मग आपण मोजतो ते सुट्या अणूंचं नव्हे, ढेकळांचं.

ग्राफीन निकेल किंवा कोबाल्टच्या पृष्ठभागावर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे रासायनिक बंधच बनतो आणि डिरॅक शंकू (ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची खास शंकूसारखी रचना) मोडतो.