आयर्विन पुलाजवळ लेटरबॉक्स: डबा कुठे, शिक्का कसा?

कृष्णाकाठ
सांगलीच्या आयर्विन पुलावर लेटरबॉक्स लावायचा विचार आहे. टपालपेटी नव्हे, लेटरबॉक्सिंग या खेळातला लपवलेला डबा: लिहून दिलेल्या खुणेवरून लोकांनी तो शोधायचा, आत वही आणि शिक्का. अमेरिकेत जुन्या छपराच्या लाकडी पुलांपाशी असे डबे असतात. आपला १९२९ सालचा पूल उघडा आणि खाली कृष्णेचा पूर. डबा नेमका कुठे ठेवावा? शिक्का घरीच कोरणार आहे, साधा खोडरबर चालेल का? आणि होकायंत्रावरची खूण पुलाजवळ बरोबर लागेल का?

वाटखूण
पूल खुणेत असू द्या, शिक्क्यात असू द्या. डबा मात्र पुलात नको.

त्या लाकडी पुलांवरचं छप्पर मुळात पुलाचाच सांगाडा पावसानं कुजू नये म्हणून घातलेलं असतं. डब्याची सोय हा त्याचा हेतू नाही. आणि इंग्लंडमधल्या ज्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली ‘क्रॅनमियर पूल’ (इथे पूल म्हणजे इंग्रजीतलं डबकं) या दलदलीच्या जागी हा खेळ सुरू झाला, तिथलाही दंडक आहे की पुरातन बांधकामात डबा ठेवायचा नाही. शोधणारा एका फटीत हात घालून थांबत नाही. दहा फटी चाचपतो, सैल दगड हलवतो. जुन्या बांधकामाचं त्यात नुकसान होतं.

दुसरं कारण पाण्याचं. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. घाटाच्या पायऱ्या, काठावरची झाडं, सखल मळे, सगळं बाद. तिसरं, पुलाखाली अपारदर्शक डबा दिसला की कुणीही बेवारस वस्तू समजून पोलिसांना फोन करेल, आणि ते योग्यच आहे.

म्हणून गावात उंचावरची जागा बघा. एखादी रसवंती, वाचनालय किंवा ओळखीचं दुकान, मालकाची स्पष्ट परवानगी घेऊन. खुणेतून जो शब्द निघेल तो सांगितला की मालक डबा काढून देईल. डबा पारदर्शक, चारही बाजूंनी खिटी लागणारा घ्या आणि वर मराठीत ठळक लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे, आत वही आणि शिक्का आहे.’

रबरछाप
शिक्क्यासाठी पांढरा, मऊ, मोठा खोडरबर चालतो. अख्खा पूल कोरू नका. ४-५ सेंटिमीटरच्या शिक्क्यात दोनच कमानी आणि खाली पाण्याच्या तीन रेघा पुरेत.

चित्र ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलीनं सरळ काढा, अक्षरंही सरळच. मग कागद रबरावर पालथा घालून चमच्याच्या पाठीनं घासा. रबरावर ते उलटं उतरतं आणि छाप सरळ येते. थेट रबरावर सरळ अक्षरं काढणाऱ्यांचा शिक्का हमखास उलटा उठतो. देवनागरीत सगळ्यात आधी शिरोरेघ तुटते, म्हणून ती किमान दीड मिलिमीटर जाड ठेवा.

कोरताना लिनो छापकामाची व्ही आकाराच्या पात्याची कोरणी वापरा, खोली २ ते ३ मिलिमीटर. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. पातं रेघेखाली शिरलं तर चार छापांत ती दुमडते आणि तुटते. वळणावर पातं स्थिर धरून रबर फिरवायचा. कमानींची पोकळी मात्र जास्त खोल घ्या, नाहीतर तळाला शाई लागून मधोमध डाग उठतात.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. पीव्हीसीचे खोडरबर प्लास्टिकला चिकटतात. रबर मऊ ठेवणारं द्रव्य डब्यात झिरपतं आणि दोन्ही खराब होतात, उन्हाळ्यात तर लवकरच. शिक्का सुती कापडात गुंडाळून मगच ठेवा.

कृष्णाकाठ
शाईचा पॅडही डब्यात ठेवू का?

रबरछाप
नको. मे महिन्यात वाळतो, नाहीतर गळून वही रंगवतो. प्रत्येकानं आपला पॅड, आपला शिक्का आणि आपली वही आणायची. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला डब्यातल्या वहीत. डब्यातली वही कोरी, जाड आणि खरखरीत कागदाची हवी, कारण गुळगुळीत कागदावर दाट शाई वाळतच नाही. तारीख पेन्सिलीनं लिहावी, जेल पेन दमट हवेत पसरतो. वही वेगळ्या झिप पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि जूनमध्ये पुडी बदला.

वाटखूण
होकायंत्राचं राहिलं. सांगलीत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एक अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या. खरा त्रास लोखंडाचा. विजेचा खांब, उभी गाडी, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक यांनी सुई सहज १० अंश फिरते, म्हणजे ५० पावलांवर तुम्ही जवळजवळ ९ पावलं बाजूला. दिशा घ्यायची जागा पुलापासून दूर, मोकळ्यावर ठरवा आणि एका पावलाची लांबी खुणेतच लिहा, उदाहरणार्थ ७५ सेंटिमीटर. पुलावर फक्त वाचायचं किंवा मोजायचं काम द्या, तेही पदपथावरून होईल असं.