'अंधाधुन'चा शेवट: हुशारी की पळवाट?

मुग्धा_ठाणे
(शेवट उघड केलाय. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) काल चौथ्यांदा पाहिला. सगळं माहीत असूनही धडधड तशीच. पुण्यातला आकाश आंधळेपणाचं सोंग घेऊन पियानो वाजवतो. सिमीच्या घरी वाजवायला जातो, तर जमिनीवर तिच्या नवऱ्याचं प्रेत आणि बाथरूममध्ये मारेकरी! त्याला सगळं दिसतंय, पण बोटं सुरातच ठेवायची आहेत. ते दोघं खाणाखुणा करत प्रेत बॅगेत कोंबतात, पियानो चालूच. तेवढा वेळ मी श्वास रोखून बसते, दरवेळी.

आणि शेवट! मध्यंतरी सिमीने आकाशला खरोखरच आंधळं केलेलं असतं. दोन वर्षांनी युरोपात तो जुनी मैत्रीण सोफीला सगळी हकीकत सांगतो, काठी टेकत निघतो आणि वाटेतला डबा काठीने नेमका उडवतो. म्हणजे दिसतंय की याला! मग सांगितलेलं खरं किती? प्रेक्षकाच्या बुद्धीवर इतका विश्वास टाकणारे सिनेमे आपल्याकडे फार थोडे आहेत.

सांगलीकर
मुग्धाताई, असहमत. पूर्वार्ध अव्वल आहे, पण अवयवविक्रीची टोळी आल्यावर पकड सुटते आणि तो डबा म्हणजे सरळ पळवाट. कोडं घातलंत तर ते सोडवूनही दाखवा. निशिकांत कामत यांचा 'दृश्यम' (२०१५) बघा. गोव्यातला केबलवाला विजय, २ ऑक्टोबर, पणजीचा सत्संग, जपून ठेवलेली तिकिटं. घरच्यांच्या हातून झालेला खून लपवायला त्याने खोटं कसं रचलं ते कळतं आणि प्रेत कुठे पुरलंय तेही अखेर कळतं: नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली. उत्तर मिळूनही काटा येतो अंगावर. संदिग्ध ठेवणं सोपं असतं हो.

रात्रपाळी
मला तर उत्तराशी देणंघेणंच नाही. थरारपटांचे दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचे. अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, आधीच माहीत असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. आकाश खुनाची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जातो आणि समोर वर्दीत तोच मारेकरी. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पटकथावेडा
सांगलीकर, डब्याच्या आधीचं बोलणं पुन्हा ऐका. सिमीचे डोळे तुला बसवतो असं त्या टोळीतला डॉक्टर म्हणाला होता, आपण नाही म्हटलं, असं आकाश सांगतो. सोफी म्हणते, ऐकायला हवं होतंस त्याचं. आकाश गप्प. आणि पुढे लगेच डबा उडतो. उत्तर दिलंय, फक्त शब्दांत नाही.

शिवाय, सिमी गाडी अंगावर घालत होती, तेवढ्यात ससा काचेवर आदळला आणि आपण वाचलो, ही आकाशची हकीकत. पण तोवर सिमीने त्याला खरोखर आंधळं केलेलं होतं. मग तो ससा पाहिला कोणी? आणि काठीच्या मुठीवर सशाचंच तोंड आहे, ते बघितलंत?

सांगलीकर
काठीची मूठ माझ्या नजरेतून पूर्ण निसटली होती, मान्य. टोळीबद्दलचं मत मात्र तेच. तो भाग अर्ध्याने कापला असता तरी काही बिघडलं नसतं.

मुग्धा_ठाणे
टोळी कापली तर डॉक्टर जातो, डॉक्टर गेला तर डोळ्यांचा सौदाच उरत नाही! कापून दाखवा बरं.

सांगलीकर
रविवारी पुन्हा बघतो आणि कुठे कापायचं ते प्रसंगांसकट लिहितो. धागा वर ठेवा.