लग्नाच्या कोर्समध्ये कळलं की गोळी, कंडोम, ऑपरेशन काहीच चालत नाही. मग घरोघरी एवढी वर्षं काय चाललंय?

अबोली_वसई

नमस्कार सगळ्यांना. मी वसईची, २७ वर्षांची, जानेवारीत लग्न आहे. गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं कॅथलिक चर्चचा लग्नाच्या तयारीचा कोर्स करून आलो, तो केल्याशिवाय पुढे काही होत नाही त्यामुळे सगळेच करतात. बाकीची सेशन्स खरंच चांगली होती, पैशांवरून भांडणं, सासू-सासरे, एकमेकांचं ऐकून घेणं वगैरे. रविवारी दुपारी फादरांनी कुटुंबनियोजनाचा विषय घेतला आणि दहा मिनिटांत सांगून टाकलं की कंडोम, गोळी, कॉपर टी, ऑपरेशन यातलं काहीही चर्चला मान्य नाही, फक्त नैसर्गिक पद्धत, म्हणजे गर्भ राहू शकेल ते दिवस टाळायचे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने हात वर केला तर म्हणाले वेळ संपली, चहा घ्या.

घरी आल्यावर मी आईला सरळ विचारलं. आई मासे साफ करत होती, हात तसेच ठेवून म्हणाली, तुझ्या भावानंतर मी टाके घालून घेतले, मूल बंद करायचं ऑपरेशन, आपल्या आळीत सगळ्यांनीच घातलेत. मी विचारलं, फादरांपुढे पापं कबूल करताना कन्फेशनमध्ये सांगितलंस का कधी? ती काहीच बोलली नाही, नळ सुरू केला.

तेव्हापासून डोकं भणभणतंय. माझे दोन प्रश्न आहेत. एक, मला पीसीओडी (पाळी अनियमित होण्याचा आजार) आहे आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, त्या म्हणजे त्याच गोळ्या, मग लग्नानंतर त्या घेणं पाप होईल का? दोन, आम्ही दोघंही विरार लोकलने चर्चगेटला जातो, घराचा हप्ता सुरू झालाय, दोन वर्षं तरी मूल नको असं ठरवलंय. मला चर्च सोडायचं नाहीये, मी लहानपणापासून क्वायरमध्ये गाते, पण सगळ्यांसारखं गुपचूप काहीतरी करायचं आणि रविवारच्या प्रार्थनेत पवित्र भाकरी, म्हणजे कम्युनियन, घ्यायला रांगेत उभं राहायचं हे मला जमणार नाही. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

जुना_सेमिनरीवाला

अबोली, पहिलं तुझ्या गोळ्यांचं, कारण ते सोपं आहे. पोप पॉल सहावे यांचं ‘ह्युमाने विते’ हे १९६८ चं परिपत्रक, ज्याच्यावर तुमच्या फादरांनी सांगितलेलं सगळं उभं आहे, त्याच्याच १५ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की आजार बरा करण्यासाठी लागणारा उपचार चर्च चुकीचा मानत नाही, त्याने गर्भधारणा थांबणार असली तरीही, फक्त ते थांबवणं हा हेतू नको. म्हणजे पीसीओडीसाठी घेतलेली गोळी लग्नानंतरही चालते. हे कोर्समध्ये दोन वाक्यांत सांगता आलं असतं, कितीतरी मुली उगाच घाबरून औषध सोडतात.

आता दुसरं. मी पाच वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शिक्षणात होतो, मग बाहेर पडलो, आता दोन मुलं आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतोय. शिकवण अशी आहे की शरीरसंबंधाला दोन अर्थ आहेत, नवरा-बायकोचं एक होणं आणि नव्या जिवाला दार उघडं असणं, आणि देवाने जोडलेले हे दोन अर्थ माणसाने स्वतःहून तोडायचे नाहीत. मग नैसर्गिक पद्धत का चालते, तर तिथे तुम्ही काही दिवस संबंधच ठेवत नाही. आमचे एक म्हातारे प्रोफेसर सांगायचे, एखाद्या वर्षी शेत पडीक ठेवणं वेगळं आणि पेरलेल्या शेतात मीठ टाकणं वेगळं. त्यालाही सबळ कारण हवं असं परिपत्रकात म्हटलंय, पण शारीरिक, मानसिक, बाहेरच्या परिस्थितीची अशी सगळी कारणं त्यात येतात.

लोकांना वाटतं हे कायम असंच, एकमताने चालत आलंय, तसं नाहीये. १९३० मध्ये अँग्लिकन (म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या, इंग्लंडच्या चर्चपरंपरेतल्या) बिशपांनी लॅम्बेथ परिषदेत काही परिस्थितीत कृत्रिम साधनांना मोकळीक दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी पोप पायस अकरावे यांनी त्याच्या विरोधात परिपत्रक काढलं. १९५१ मध्ये पायस बारावे यांनी सुईणींपुढे बोलताना सुरक्षित दिवस पाळायला परवानगी दिली. मग १९६० मध्ये अमेरिकेत गोळी बाजारात आली आणि सगळा प्रश्नच बदलला, म्हणून पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये एक आयोग नेमला, पॉल सहाव्यांनी तो मोठा केला. त्यात डॉक्टर होते, धर्मपंडित होते, लग्न झालेली जोडपीही होती. शिकागोच्या क्राऊली पती-पत्नींनी तिथे जगभरच्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं आणली होती, दिवस मोजता मोजता संसाराचं काय होतं ते त्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. १९६६ मध्ये आयोगाच्या बहुमताने सांगितलं की शिकवण बदलता येईल. पोपनी दोन वर्षं विचार केला आणि अल्पमताची बाजू घेतली, तेच हे ‘ह्युमाने विते’. कॅनडाच्या बिशपांनी १९६८ च्याच सप्टेंबरमध्ये विनिपेगहून निवेदन काढलं की ज्यांनी मनापासून प्रयत्न करूनही हे जमत नाही त्यांनी प्रामाणिकपणे जो मार्ग योग्य वाटतो तो घेतला तर तो सद्सद्विवेकाने घेतलेला समजावा. रोमने शिकवण बदलली नाही, आजही तीच आहे, पण तुझ्या मनात जो गोंधळ आहे तो व्हॅटिकनच्या टेबलावरही होता एवढं लक्षात ठेव.

माडवाली_मावशी

अबोली बाळा, तुझ्या आईने नळ सुरू केला हे वाचून मला रडू आलं, म्हणून लिहायला बसले. मी ६५ वर्षांची आहे. माझं लग्न १९८३ चं. आम्हाला सिस्टरांनी पॅरिशच्या हॉलमध्ये बिलिंग्ज पद्धत शिकवली होती, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर नवरा-बायकोने काढलेली. एक तक्ता असायचा, पाळीच्या दिवसाला लाल स्टिकर, कोरड्या म्हणजे सुरक्षित दिवसाला हिरवा, आणि ज्या दिवशी स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत धरला तर तार सुटेल असा, त्या दिवशी बाळाचं चित्र असलेला पांढरा. स्टिकर संपले की मी खडूने रंगवायचे. तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, सासूबाईंना दिसू नये म्हणून.

खरं सांगते, पद्धत वाईट नाही. मला माझं शरीर पहिल्यांदा तिच्यामुळे कळलं, आमच्या आईने तर पाळीबद्दलही काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दोघांत चार वर्षांचं अंतर राहिलं ते त्या तक्त्यावरच. पण ह्यांची फॅक्टरीत शिफ्ट ड्युटी, हिरवे दिवस आणि ह्यांची नाईट एकत्र आली की महिना तसाच जायचा आणि घरात चिडचिड. दुसऱ्याच्या वेळी अंगावर पाजत होते, पाळी नीट सुरू झाली नव्हती, खुणा काही कळेनात, आणि दुसरा अकरा महिन्यांचा असताना तिसरी राहिली. माझी लेक म्हणजे माझा जीव आहे, तिच्याबद्दल काही नाही. पण त्या बाळंतपणात माझं रक्त इतकं गेलं की डॉक्टर म्हणाले पुन्हा नको. टाके घातले.

मी ते कन्फेशनमध्ये सांगितलं. एक फादर खूप रागावून बोलले मला. मी आठ महिने कम्युनियन घेतलं नाही, मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, जायचे आणि बाकावर बसून राहायचे, शेजारच्या बायका गुडघे वळवून वाट द्यायच्या आणि मी मान हलवायची. मग दुसऱ्या गावचे एक म्हातारे फादर तपकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आले होते, त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ह्या आठ महिन्यांत तुझा नवरा कम्युनियन घेत होता का गं? घेत होते. दर रविवारी. ऑपरेशनच्या कागदावर सही ह्यांचीही होती. ते फादर बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला पापक्षमा दिली.

आईला दोष देऊ नकोस. तिलाही कोणीतरी असं विचारायला हवं होतं.

तिसरी_पिढी_नंदाखाल

मावशी, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच होतं, पण दोष शिकवणीचा नाही, ती बाईच्या एकटीच्या डोक्यावर ठेवणाऱ्यांचा आहे असं मला वाटतं. मी ३३ वर्षांचा, दोन मुलं, आम्ही लग्न झाल्यापासून नैसर्गिक पद्धतच वापरतोय. आमच्यात तक्ता मी भरतो. सकाळी उठल्या उठल्या बायको थर्मामीटर तोंडात धरते (तापमानावरूनही दिवस कळतात) आणि आकडा मी लिहितो. यामुळे मला नाही म्हणायला आणि नाही ऐकायला शिकता आलं, हे मी अगदी मनापासून सांगतोय. माझ्या मित्रांच्या घरी बघतो, गोळी बायकोने घ्यायची, डोकेदुखी बायकोला, ऑपरेशनही बायकोनेच करून घ्यायचं, आणि पुरुषाला काहीच बदलायला लागत नाही. ह्याला आपण बाईची सुटका म्हणायचं का?

आणि अजून एक, जे आपल्याकडे विसरलं गेलंय. १९६८ च्या त्या परिपत्रकात १७ व्या परिच्छेदात इशारा आहे की ही साधनं एकदा सरसकट मान्य झाली की सरकारं ती लोकांवर लादतील. आठ वर्षांनी आणीबाणीत काय झालं? १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचा कायदाच मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. तेव्हा शरीरावर सरकारचा हक्क नाही असं म्हणणाऱ्यांत चर्च होतं. अबोलीताई, कठीण आहे म्हणून आधीच सोडून देऊ नका, चांगल्या शिक्षिकेकडून दोघांनी मिळून शिका, लग्नाआधी तीन-चार महिने तक्ता भरून बघा. फक्त पीसीओडी असताना खुणा वाचणं अवघड असतं आणि गोळ्या चालू असताना तर खरं चक्र दिसतच नाही, त्यामुळे पद्धत शिकवणाऱ्या बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगा.

पाऊलवाट_८९

मी इथे नेहमी वाचतो, लिहीत नाही. मी गे आहे, कॅथलिक आहे, मुंबईत माझ्या पार्टनरबरोबर राहतो. विषय गर्भनिरोधकांचा आहे हे मला माहीत आहे पण वर जी ‘दोन अर्थ तोडायचे नाहीत’ ही शिकवण सांगितली ना, माझ्याबद्दलचा निकालही त्याच वाक्यातून येतो. आमच्या संबंधातून मूल होऊ शकत नाही म्हणून कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या) २३५७ व्या परिच्छेदात ते चुकीचे, आणि २३५८ मध्ये लगेच म्हटलंय की आम्हाला आदराने, करुणेने, हळुवारपणे वागवावं, अन्यायाने भेदभाव करू नये. अबोली, तुम्हाला निदान महिन्यातले काही दिवस आहेत. मला ज्या मार्गाने जायला सांगतात त्यात आयुष्यभर एकही दिवस नाही.

आळीतल्या बायकांनी टाके घातले ते सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गप्प राहतात, माझ्याबाबतीत मात्र माझ्या आईला मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर थांबवून विचारलं जातं. एकाच शिकवणीतल्या दोन गोष्टी, एकीवर पडदा आणि दुसरीवर टॉर्च. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

चांगलंही सांगतो. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू केलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस उघडपणे म्हणाले की चर्चने समलैंगिक माणसांना कधी गुन्हेगार मानलं नाही. त्या आठवड्यात मी ते कात्रण पाकिटात ठेवून फिरत होतो. २०१८ मध्ये ते कलम आमच्यापुरतं गेलं. मग १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने सांगितलं की आमच्यासारख्या जोडप्यांनाही फादर आशीर्वाद देऊ शकतात, लग्नासारखा विधी नाही, लग्नाचे कपडे नाहीत, साधी प्रार्थना. आफ्रिकेतल्या बिशपांनी जानेवारीतच सांगितलं की आमच्याकडे हे होणार नाही. आम्ही दोघं एका ओळखीच्या फादरांकडे गेलो. त्यांनी वेस्ट्रीत (फादरांच्या कपड्यांच्या खोलीत) कपाट बंद करता करता थांबून आमच्या डोक्यावर हात ठेवले, पंधरा-वीस सेकंद असेल, हात थरथरत होता त्यांचा. पार्टनर हिंदू आहे, बाहेर आल्यावर त्याने विचारलं, ह्याने काय बदललं? शिकवण बदलली नाही, पोप लिओंनीही २०२५ मध्ये सांगितलंय की ती बदलण्याची शक्यता त्यांना फारच कमी वाटते. पण मी नऊ वर्षांनी चर्चच्या आत रडलो होतो, आणि मला बाहेर काढलं नव्हतं.

अबोली_वसई

सगळ्यांचे आभार, मी रात्री तीनदा वाचलं. मावशी, मी तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती ऐकत बसली आणि मग म्हणाली, मला तर कोणी कधी काही विचारलंच नाही, मीच मनात धरून बसले. एवढंच बोलली. पण बोलली. पाऊलवाट दादा, माझा मामेभाऊ आहे तुमच्यासारखा, आमच्या घरात त्याचं नाव निघालं की विषय बदलतात, आजपर्यंत मीही बदलायचे. काल त्याला फोन केला, लग्नाला पार्टनरबरोबर ये म्हटलं.

आम्ही दोघांनी ठरवलंय की पद्धत शिकायची, पण गोळ्यांचा कोर्स संपून चक्र नीट लागेपर्यंत कंडोम वापरायचा. हे मी फादरांना सांगणार आहे. शेवटचा प्रश्न, हे कन्फेशनमध्ये सांगू का? मला त्याचा पश्चात्ताप होत नाहीये आणि खोटं बोलायचं नाही.

जुना_सेमिनरीवाला

पश्चात्ताप नसेल तर कन्फेशन हा त्याचा मार्ग नाही, कारण पापक्षमेला पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय दोन्ही लागतात, आणि तू तर आधीच ठरवून बसलीयेस. फादरांची वेळ घेऊन त्यांच्या ऑफिसात जा, दोघंही जा, आणि समोर बसून बोला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतिशिया’त ३७ व्या परिच्छेदात लिहिलंय की आमचं काम लोकांची सद्सद्विवेकबुद्धी घडवायचं आहे, तिची जागा घ्यायचं नाही, ते वाचून जा. फादर हो म्हणतील असं अजिबात नाही, शिकवण जी आहे तीच सांगतील आणि तो त्यांचा धर्म आहे, तेही नीट ऐकून घे. पण नवऱ्याने वर केलेला हात अजून तसाच आहे, त्याचा प्रश्न आधी त्याला विचारू दे.